सर्किट बोर्डाचा उद्योग : छपाईपासून जोडणीपर्यंत

रविवार पेठेतील कोणत्याही विद्युत्-साहित्याच्या दुकानी घटकाभर बसावे, म्हणजे एक वाक्य हमखास कानी पडते : “बोर्ड गेला.” पंखा फिरेनासा झाला, बोर्ड गेला; धुलाईयंत्र थांबले, बोर्ड गेला; पाण्याच्या पंपाचा स्टार्टर दाद देईना, त्याचाही बोर्डच गेला. तारा, स्विच, फ्यूज यांची नावे घेणारे गिऱ्हाईक दिवसेंदिवस कमी होत असून हिरव्या रंगाच्या त्या लहानशा पट्टीच्या माथी सर्व दोषांचे खापर फुटू लागले आहे. ही पट्टी म्हणजे काय, ती कशी तयार होते आणि तिच्या धंद्यात आपल्यासारख्या व्यापाऱ्याने पडावे की नाही, हे सांगण्याचा या लेखात आमचा यत्न आहे.

यांतील शेवटचा प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा नाही. गेल्या काही वर्षांत सभासदांच्या घरची मुले अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करून पेढीवर परतली आहेत. धान्य, गूळ, कापड, भांडी यांत त्यांचे मन रमत नाही, आणि “बोर्डाचा कारखाना काढू” असा प्रस्ताव त्यांनी वडीलधाऱ्यांपुढे मांडलेला आम्ही निदान तीन घरी तरी पाहिला. एका घरी तर गुळाचे जुने गोदाम विकून भांडवल उभारण्यापर्यंत गोष्ट आली होती. वडिलांना तो धंदा कळेना आणि मुलाला वडिलांची भीती कळेना, असा तो प्रसंग होता. पुढील विवेचन त्या उभयतांस डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘बोर्डाचा कारखाना’ या एकाच नावाखाली लोक दोन अगदी भिन्न व्यवसाय एकत्र बांधतात. कोरा बोर्ड तयार करणे हा एक व्यवसाय. त्या कोऱ्या बोर्डावर निरनिराळे भाग बसवून तो चालता करणे हा दुसरा. पहिल्यात छापखाना, कासारकाम आणि मुलाम्याचा धंदा यांचे मिश्रण आहे. त्याला पाणी, रसायने आणि मोठे भांडवल लागते. दुसरा शिंप्याच्या धंद्याला जवळचा आहे : कापड दुसऱ्याचे, गुंड्या दुसऱ्याच्या, शिलाई मात्र आपली. दोहोंची जोखीम निराळी, नफ्याची रीत निराळी. हा भेद न ओळखता उडी घेणारा माणूस पहिल्याच वर्षी गोत्यात येतो.

व्हॉल्व्हच्या रेडिओच्या काळी प्रत्येक भाग दुसऱ्या भागाशी तारेने जोडीत असत आणि ते काम हाताने, एकेका टोकाला डाख देऊन चाले. व्हिएन्नात जन्मलेल्या व पुढे लंडनला गेलेल्या पॉल आइस्लर नामक अभियंत्याने १९३६ च्या सुमारास तारांऐवजी तांब्याच्या वर्खाच्या रेघा वापरून रेडिओ तयार केला. त्या वेळी कारखानदारांनी तो फारसा मनावर घेतला नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफगोळ्यांच्या स्फोटकळीसाठी अमेरिकेने ही युक्ती उचलली आणि १९४८ साली ती नागरी उपयोगासाठी खुली झाली. तेव्हापासून ‘मुद्रित परिपथ’ हे नाव रूढ आहे. बाजार त्याला पी.सी.बी. म्हणतो, गिऱ्हाईक नुसते बोर्ड म्हणते.

कोऱ्या बोर्डाचे मूळ द्रव्य म्हणजे काचेच्या तंतूंचे विणलेले कापड. ते एपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून, थरावर थर रचून, उष्णता व दाब यांखाली त्याचा कडक पत्रा करतात आणि त्याच्या अंगावर तांब्याचा वर्ख चिकटवतात. सहजी पेट न घेणाऱ्या या पत्र्याची सर्वांत प्रचलित जात एफ.आर.-४ या नावाने विकली जाते. नेहमीची जाडी १.६ मिलिमीटर. तांब्याचा थर सामान्यतः ३५ मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीचा असतो. एक चौरस फूट जागेवर एक औंस तांबे पसरले की ही जाडी येते, म्हणून या धंद्यात आजही ‘एक औंसाचा माल’, ‘दोन औंसांचा माल’ अशीच भाषा चालते. सराफ कट्ट्यावरील आमच्या बंधूंस ती ऐकून परकेपणा वाटू नये. पत्रा ठरावीक मापांत येतो व त्यातून बोर्ड काढताना कापडाच्या पन्ह्याप्रमाणेच हिशेब करावा लागतो. बोर्डाची लांबी दोन मिलिमीटरने वाढली, तर एका पत्र्यात बसणारे नग घटतात आणि उरलेली पट्टी वाया जाते. आराखडा काढणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसेल, तर पुढील सर्व काटकसर व्यर्थ होय.

ज्याला आपण छपाई म्हणतो ती वस्तुतः कोरीव कामाच्या जातीची आहे. तांब्यावर प्रकाशाने घट्ट होणारी पातळ फिल्म चिकटवायची, आराखड्याप्रमाणे तिच्यावर अतिनील किरण पाडायचे, न घट्टलेला भाग धुऊन काढायचा आणि मग आम्लाच्या अथवा अमोनियाच्या द्रावणात उघडे तांबे विरघळवून टाकायचे. जे उरते त्याच रेघा. अशा कोरलेल्या पातळ पत्र्यांच्या मध्ये राळेचे ओलसर कापड घालून ते दाबयंत्रात एकजीव केले म्हणजे चार, सहा, बारा थरांचा बोर्ड होतो. मोबाइल फोनमध्ये दहा-बारा थर ही नवलाई राहिलेली नाही. मोठ्या सर्व्हरांत वीसांहून अधिक थर असतात.

सगळा जीव मात्र भोकांत आहे. वरच्या थरावरील रेघेने खालच्या थराशी बोलावयाचे तर मध्ये भोक पाडून त्याच्या भिंतीवर तांबे चढवावे लागते. भिंत राळेची व काचेची. तिच्यातून वीज वाहत नाही, म्हणून नेहमीचा विजेचा मुलामा तीवर बसत नाही. त्यासाठी आधी पॅलेडियमचा सूक्ष्म संस्कार करून रासायनिक रीतीने तांब्याचा अतिपातळ थर देतात आणि मग विजेच्या टाकीत तो वीस-पंचवीस मायक्रॉनपर्यंत वाढवतात. बोर्ड तापला की राळ तांब्यापेक्षा अधिक फुगते. भिंतीचा मुलामा पातळ अथवा ठिसूळ असला तर तेथे केसासारखी चीर पडते. थंड असता चालणारे आणि तापल्यावर बंद पडणारे यंत्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच्या कारणांपैकी हे एक.

पुढे हिरव्या रोगणाचा थर देतात. डाख जेथे लागावयाचा तेवढीच जागा उघडी ठेवतात. उघड्या तांब्यावर गंज चढू नये म्हणून जो संस्कार करतात, त्याची सर्वांत स्वस्त रीत आपल्या कल्हईचीच बहीण आहे : बोर्ड वितळलेल्या कथलाच्या मिश्रणात बुडवून काढायचा आणि गरम हवेच्या झोताने जादा कथील उडवायचे. कल्हईवाला जेथे कापसाचा बोळा फिरवी, तेथे आता हवा फिरते इतकेच. बारीक पायांच्या भागांना ही कल्हई पुरेशी सपाट पडत नाही. तेथे निकेलवर सोन्याचा अतिसूक्ष्म मुलामा देतात. तो मायक्रॉनच्या दशांशाहूनही पातळ असतो, तथापि सोन्याचा भाव चढला की दरपत्रक बदलतेच.

या धंद्यातील नफ्यातोट्याचे मर्म एका साध्या गणिताने ध्यानी येईल. समजा, बोर्डाला चाळीस क्रियांतून जावे लागते आणि प्रत्येक क्रियेत शंभरांतून नव्याण्णव नग उत्तम निघतात. ऐकावयास हे काम चोख वाटते. परंतु चाळिसाव्या क्रियेअखेर शंभरांपैकी सुमारे सदुसष्ट नगच हाती उरतात, आणि बाद झालेल्या तेहतीस नगांवर तांबे, सोने, वीज, मजुरी यांचा खर्च होऊन चुकलेला असतो. शिवाय कोरलेले तांबे पाण्यात जाते. ते पाणी ओढ्यात सोडता येत नाही; शुद्धीकरणाची व्यवस्था व प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती यांवाचून कारखाना उभा राहू शकत नाही आणि राहूही नये. जगातील निम्म्याहून अधिक बोर्ड चीनमध्ये होतात त्याचे कारण मजुरी हे फार थोड्या प्रमाणात आहे. पत्रा, वर्ख, रसायने, दाबयंत्रे सर्व एकमेकांच्या शेजारी आहेत आणि अशा चाळीस क्रिया रात्रंदिवस, न थांबता चालतात, हे खरे कारण. आपल्याकडे नंजनगूड येथे एका ऑस्ट्रियन कंपनीचा कारखाना पाव शतकाहून अधिक काळ चालू आहे, गांधीनगरच्या इलेक्ट्रॉनिक वसाहतीत व पुण्याच्या परिसरातही बोर्ड तयार होतात. तरी तांबे चढवलेला पत्रा आजही बहुतांशी बाहेरून येतो. एका कुटुंबाच्या भांडवलाने या पहिल्या व्यवसायात शिरावे असा सल्ला आम्ही देणार नाही.

दुसरा व्यवसाय जोडणीचा. रांगोळीच्या छाप्यातून आपल्या घरच्या मुली ज्याप्रमाणे ठिपके पाडतात, तद्वत् बारीक छिद्रे असलेला पोलादी पत्रा बोर्डावर ठेवून त्यावरून डाखाचे मलम ओढतात. मलम म्हणजे कथील-मिश्रणाची सूक्ष्म गोलके आणि राळेसारखे द्रव्य. प्रत्येक भागाच्या पायाखाली नेमका ठिपका पडला की बोर्ड यंत्राकडे जातो. ते यंत्र हवेच्या ओढीने भाग उचलून जागेवर ठेवते; तासाला हजारो भाग. हे भाग केवढे? नेहमीच्या जातींपैकी एक ०.६ मिलिमीटर लांब व ०.३ रुंद, त्याहून लहान ०.४ बाय ०.२. खसखशीचा दाणाही त्यांपुढे मोठा. मग बोर्ड लांब भट्टीतून सरकतो, जेथे उष्णता पायरीपायरीने वाढते, मलम वितळते आणि थंड होताना सांधा घट्ट होतो. अखेरीस कॅमेऱ्याने तपासणी, आणि ज्या भागांचे पाय पोटाखाली दडलेले असतात त्यांची क्ष-किरणांनी. जाणते कारागीर सांगतात की, बहुतेक दोषांचे मूळ पहिल्याच पायरीत, म्हणजे मलमाच्या ठिपक्यात असते. भट्टीला दोष देण्यापूर्वी छापा पुसला होता का, हे विचारावे.

डाखाविषयी दोन शब्द. पूर्वी ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचे मिश्रण वापरीत; ते १८३ अंशांवर वितळे आणि कामास गोड होते. शिसे विषारी, म्हणून युरोपने १ जुलै २००६ पासून बहुतेक मालात त्यास बंदी केली; भारतातही १ मे २०१४ पासून तशी मर्यादा आली. नव्या मिश्रणात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी व अर्धा टक्का तांबे असते. ते २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि भट्टी २४५ अंशांच्या आसपास न्यावी लागते. तीस-पस्तीस अंशांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पत्र्याची राळ, भोकांच्या भिंती, भागांची प्लास्टिकची आवरणे, सर्वांची कसोटी तेवढ्यानेच वाढली. शिवाय शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून कालांतराने धातूच्या मिशा उगवतात व शेजारच्या पायास टेकून घात करतात. शिशाची भेसळ हा उपद्रव दाबून ठेवीत असे. आणि तीन टक्के चांदी म्हणजे डाखाच्या किलोमागे तीस ग्रॅम! चांदीचा भाव चढला की जोडणीवाल्याच्या पोटात गोळा येतो, हे आमच्या सराफ बंधूंनी लक्षात घ्यावे.

जोडणीच्या धंद्यात मालाच्या किमतीचा मोठा हिस्सा भागांचा असतो. जोडणाऱ्याच्या हाती रुपयामागे काही पैसेच राहतात. म्हणून येथे खरी विद्या खरेदीची व साठ्याची आहे, आणि ती आपल्या पेढ्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. लहान भाग सुटे मिळत नाहीत. ते फितीच्या रिळावर येतात. रोधकाचे एक रीळ पाच हजारांचे किंवा दहा हजारांचे. मागणी पाचशे बोर्डांची, प्रत्येकावर त्या जातीचे दोन रोधक; म्हणजे हजार लागले, नऊ हजार फळीवर पडले. असे साठ प्रकार एका बोर्डावर असले, तर फळीवर किती पैसा झोपला याचा हिशेब वाचकांनीच करावा. भर म्हणजे, दोन वर्षांहून जुन्या तारखेचे भाग घेण्यास कित्येक गिऱ्हाईक नकार देतात. उलट साठांपैकी एकोणसाठ प्रकार हजर असून साठावा, दोन रुपयांचा, नसला तर एकही बोर्ड बाहेर पडत नाही. २०२१ साली जगातील मोठमोठ्या मोटार कारखान्यांची हीच गत झाली : गाडी तयार, एक चिप नाही, म्हणून उत्पादन बंद.

टंचाईची वार्ता आणि टंचाई यांतील अंतर ओळखणे ही व्यापाऱ्याची दुसरी विद्या. ४ जुलै १९९३ रोजी जपानमधील निईहामा येथील एका रसायन कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या काळ्या आवरणासाठी लागणाऱ्या विशिष्ट राळेचा जगातील निम्म्याहून अधिक पुरवठा त्या एका ठिकाणाहून होत असे. काही दिवसांतच संगणकाच्या स्मृती-चिपचे भाव भडकले. पुढे आढळले की, राळेचा साठा ठिकठिकाणी होता आणि इतर कारखाने उत्पादन वाढवू शकत होते. भाव चढले ते बव्हंशी घाबरून केलेल्या खरेदीमुळे. त्या उन्हाळ्यात चढ्या भावाने गोदाम भरणाऱ्यांचे काय झाले असेल ते मिरचीच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. तथापि एकाच ठिकाणावर अवलंबून राहण्याचा धोका खराच आहे. मोठ्या संगणक-चिपखालील सूक्ष्म बोर्डात जी विलगक फिल्म वापरतात ती अजिनोमोतो या जपानी कंपनीची. चिनी पदार्थांतील चवीच्या पुडीमुळे आपणास परिचित असलेली हीच ती कंपनी. २०२५ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांची मागणी फुगली, तेव्हा उत्तम जातीच्या काचकापडाची ओढ लागली.

बनावट मालाचा विषय अप्रिय आहे, पण टाळता येत नाही. टंचाईच्या काळी टाकाऊ यंत्रांतील चिप उपटून, त्यांची पाठ घासून, नवे नाव व नवी तारीख छापून विकणारे लोक निपजतात. बाहेरून फरक दिसत नाही. ॲसिटोनच्या बोळ्याने पुसले असता खोटी छपाई कधी सुटून येते. चतुर लोकांची तीही सुटत नाही, तेथे क्ष-किरण लागतात. अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मालाचे बिल व मूळ डब्याची चिठ्ठी जपून ठेवणे हाच सामान्य व्यापाऱ्याचा आधार. असा भाग रुग्णालयाच्या यंत्रात गेला तर काय होईल, या विचाराने आम्ही स्वतः सुट्या बाजारातील चिपच्या दलालीस हात लावलेला नाही.

सरकारी धोरणही जाणून घ्यावे. २०२४ साली चीन व हाँगकाँगहून येणाऱ्या, सहा थरांपर्यंतच्या बोर्डांवर भारताने प्रतिशुल्क बसवले. देशी कारखान्यांस त्याने आधार मिळाला आणि जोडणीवाल्यांचा खर्च वाढला, अशा दोन्ही बाजू त्यास आहेत. २८ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक घटकांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत अनेक थरांचे व लवचीक बोर्ड येतात. मोठे उद्योग तिचा लाभ घेतील. लहान जोडणीवाल्यास तिचे फळ मिळेल ते देशी बोर्ड व देशी पत्रा वेळेवर मिळू लागल्यावर. गोव्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी वसाहत योजलेली आहे. हैदराबादच्या सभासदांना तर १९६७ साली स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनमुळे या कामाची जुनी ओळख आहे.

आता त्या गुळाच्या गोदामाची हकिगत. ते विकले गेले नाही. मुलाने कोऱ्या बोर्डाचा बेत सोडला आणि गोदामाच्याच अर्ध्या भागात जोडणीची एक ओळ बसवली. यंत्र वापरलेले, भट्टी नवी. पहिली मोठी मागणी आमच्याच दुकानाची होती : कमी विजेवर चालणाऱ्या पंख्यांचे दोन हजार नियंत्रक बोर्ड. कोरे बोर्ड हवाबंद पाकिटांत आले. माल मोजून घ्यावा ही आपली पिढीजात सवय; वडिलांनी सर्व पाकिटे फोडून नग मोजले, बरोबर भरले, आणि ते गठ्ठे फळीवर रचले. चिप यावयास पाच आठवडे लागले. ते दिवस आषाढाचे. बेळगावचा पाऊस सर्वांस ठाऊकच आहे.

भट्टीतून पहिले गठ्ठे निघाले तेव्हा बोर्डांवर पांढरट फोड दिसले. राळेने हवेतील दमट शोषली होती. २४५ अंशांत पाण्याची वाफ झाली आणि थर सुटले. ओळ थांबवीपर्यंत तीनशे चाळीस नग वाया गेले होते. मुलाला कारण समजले होते, पण वडिलांस कसे सांगावे हे समजेना. वडिलांनी एक बोर्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, “अरे, याला ओल लागते का? मग हा गुळासारखाच माल झाला. आधी का सांगितले नाहीस?”

उरलेले बोर्ड सुमारे १०५ अंशांच्या भट्टीत काही तास भाजून कोरडे केले. त्यांवर सोन्याचा मुलामा होता म्हणून हे साधले; तांब्यावर नुसता सेंद्रिय लेप असता तर भाजण्याने तोच खराब होऊन डाख धरला नसता. नुकसान आम्ही निम्मे निम्मे वाटून घेतले. आता त्या गोदामात पाकीट फोडण्यापूर्वी माल वजनावर मोजतात, फोडलेले पाकीट त्याच दिवशी पुन्हा बंद होते, आणि आत ठेवलेल्या दमट दाखवणाऱ्या पत्रिकेचा ठिपका निळा आहे की गुलाबी झाला, हे रोज सकाळी गादीवर बसण्यापूर्वी वडील स्वतः पाहतात.